साखराबाईच्या चौऱ्याऐंशी बैठका

साखराबाईला मोजता येत नाही असं वस्तीवर कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडं पाठवा, मी त्याची चांगली हजेरी घेतो. ती विसा-विसानं मोजते. वीस म्हणजे एक इसा, शंभर म्हणजे पाच इसा. बत्तीस हंगाम तिनं उसाच्या मोळ्या अशाच मोजल्या आणि तिचा आकडा कधी चुकला नाही. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत गणित खरोखर कळलेली माणसं मला दोनच भेटली. एक माझी लेक दीपमाला, ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकवते. दुसरी साखराबाई. तिसरा मी, असं मला वाटायचं. तो गैरसमज साखराबाईनंच मोडला.

मी त्रिंबक. गाव माझं घाटनांदूर, पण नोकरीत शिरूर कासार तालुक्यातल्या या बोरमाळ वस्तीवर आलो आणि बदली मागायचं राहूनच गेलं. बायको इथंच गेली, मग हलायचा प्रश्नच मिटला. लोक म्हणतात गुरुजी तिरसट आहेत. आहेतच. चौतीस वर्षं समोरची पोरं छेद वर आणि अंश खाली लिहीत असतील, तर तुम्हीही तिरसट व्हाल.

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी होते. ट्रॅक्टर येतात, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, कोयते आणि माणसं भरली जातात, आणि सगळे पाडव्यापर्यंत कारखान्याच्या मुलखात. शाळेतली पोरं गावातल्या वसतिगृहात. मागं राहतो आम्ही, ज्यांची पाठ आणि गुडघे आता कुठल्याच मुकादमाला नको असतात. गेल्या दिवाळीनंतर आम्ही नऊ जण उरलो. बरं, आमची घरं शेजारी-शेजारी म्हणाल तर तेही नाही. ज्याचं रान जिथं, त्याचं घर तिथं. सगळ्या माळावर नऊ घरं विखुरलेली, आणि मधे बंद दारं.

साखराबाईचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि चौदाव्या वर्षी ती पहिल्या हंगामाला गेली. नवरा हनुमान तोडायचा, ही मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. हनुमान माझा दोस्त, म्हणून ती मला वैनी. सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्याच वर्षी तिच्या गुडघ्यांनीही कोयता खाली ठेवला. आता तिचा सत्यम आणि सून करिष्मा जातात, आणि ही दारात उभी राहून ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत हात हलवते.

पण अड्ड्यावर तिला मोठा मान होता. ऊसतोडीच्या अड्ड्यावर सगळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, रस्त्याच्या कडेनं एका ओळीत असतात. पाण्याचं पिंप एकच. ते कुठं ठेवायचं यावरून दरवर्षी बायकांची झिंज्या धरायची वेळ यायची. कुणी पोटुशी, कुणाच्या काखेत लेकरू, कुणी धडधाकट. हंडा घेऊन जिला जेवढं जमेल तेवढीच ती चालणार. साखराबाई प्रत्येकीला विचारायची, तू खाली कुठवर येशील, वर कुठवर जाशील. मग दोघी-दोघींचं जुळवायची. कुठल्याही दोघी एका जागी येऊ शकत असतील, तर सगळ्यांना जमेल अशी जागा निघायचीच. बत्तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. का चुकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. एकदा मला म्हणाली होती, वरच्या अंगाची जी सगळ्यात कमी खाली येती आणि खालच्या अंगाची जी सगळ्यात कमी वर येती, त्या दोघी भेटल्या की बाकीच्यांचं काय अडतंय? मी तेव्हा हं म्हणून सोडून दिलं. गणिताच्या मास्तरानं हं म्हणून सोडून दिलं, काय बोलावं!

आता गीताबाईचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गीताबाई ही साखराबाईची धाकटी जाऊ. तीही मागं राहणाऱ्यांतली, एकटीच. गेल्या दिवाळीच्या आदल्या हंगामात, माघात, ती गेली. आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तिची शेळी दावणीला उपाशी ओरडत होती, ते रामकिसननं ऐकलं, म्हणून कळलं. तुम्ही म्हणाल, हल्ली सगळ्यांकडं मोबाइल असतात. तिच्याकडंही होता. जायच्या आदल्या संध्याकाळी लेकाचा फोन आला होता, तेव्हा ती बरं हाय म्हणाली होती. साखराबाई त्यावर एकच बोलली, फोनवर माणूस बरंच असतंय.

आम्ही सगळ्यांनी तेव्हा आपापली कारणं सांगितली. कुणाचे डोळे, कुणाचा दमा. साखराबाईनं गुडघे सांगितले. पुढं वर्षभर ती तेच सांगत राहिली, कुणी विचारलं नसलं तरी. माझं गुडघं आडवं आलं, न्हाई तर मी रोज गेले आसते. आणि मी? मी कारण सांगितलंच नाही, ते आत्ता सांगतो. गीताबाई फार बोलायची. एकदा धरलं की तासभर सोडायची नाही, आणि सांगायची तेच तेच. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी लांबून तिची शेळी पाहिली, दारात ती नाही म्हणून हायसं वाटलं, आणि मी पलीकडच्या वाटेनं घरी आलो. लाज वाटते लिहायला, पण लिहिलं.

तिच्या घराला कुलूप लागलं. किल्ली साखराबाईकडं राहिली. त्या घराकडं कुणी फिरकेना. माळावरची पायवाटसुद्धा तिथून जरा वळून पडायला लागली.

तर गेल्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साखराबाई काठी टेकत माझ्या दारात. चहा घेतला नाही, बसलीही नाही. म्हणाली, "गुर्जी, रोज एकदा समद्यांनी एकमेकांचं तोंड बघायचं. एका जागंला. कुणी आलं न्हाई की त्याच घटकंला कळलं पायजे. गीतासारखं कुणाचं न्हाई होऊ द्यायचं."

मी म्हणालो, जागा कोणती? मारुतीच्या पारावर भिवराबाई पोचत नाही. शाळेपाशी सोमेश्वरला जमत नाही. ती म्हणाली, ते माझ्यावर सोडा, मी पिंपाच्या जागा काढल्यात.

आणि लागली कामाला. प्रत्येकाच्या घरी जायचं, त्याला दारातून चालायला लावायचं. जिथं तो म्हणेल की आता इथून परत फिरलो तरच घर गाठेन, तिथं पावलं थांबवायची. चुन्यात बुडवलेला दगड ठेवायचा. मग दुसऱ्या दिशेला, मग तिसऱ्या. तो दगडांचा गोल म्हणजे त्या माणसाचा फेर. माझा फेर अठरा इशांचा भरला, म्हणजे तीनशे साठ पावलं. साखराबाईचा स्वतःचा चौदा इशांचा. भिवराबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी, ऐंशीच्या पुढची. तिचा फेर दोन इशांचा. चाळीस पावलं, बस.

मग तिनं अड्ड्यावरचा नियम लावला. दोघा-दोघांना विचारलं, तुमच्या दोघांचे फेर कुठं एकमेकांवर येतात का? सगळ्यांचे आले. तिचा चेहरा खुलला. आता जागा निघणार. दोन दिवस ती माळ तुडवत होती, आणि जागा निघेना. रामकिसन, सोमेश्वर आणि सावित्रीबाई यांचंच घ्या. रामकिसन-सोमेश्वरची एक जागा, सोमेश्वर-सावित्रीची दुसरी, सावित्री-रामकिसनची तिसरी. तिघांची मिळून एकही नाही.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, चारचौघांत. म्हणालो, "वैनी, हा कारखान्याचा अड्डा न्हाई." ती पाठ फिरवून गेली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी मागायचं निमित्त काढून गेलो. तिनं टोपलीत तीन भाकरी एकमेकींवर जरा जरा चढवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघत बसली होती. प्रत्येक भाकर दुसरीवर आलेली, आणि तरी मधे टोपलीचा तळ दिसत होता. तिनं तिथं बोट ठेवलं. म्हणाली, "गुर्जी, ही बघा माझी चूक. अड्ड्यावर समदे वळीत हुते. हितं रान पसरल्यालं हाय." मला माझ्याच हसण्याचा राग आला. चूक मला कळली होती, पण ती नेमकी कुठं आहे ते तिनं दाखवलं.

घरी येऊन दीपमालाला फोन लावला. सगळं ऐकून ती फोनवर ओरडलीच. म्हणाली, अण्णा, साखराकाकूचा नियम अगदी बरोबर आहे, फक्त रेषेपुरता. रेषेवर दोन-दोन जुळले की सगळे जुळतात. पसरलेल्या रानावर तीन-तीन जुळायला लागतात. कुठल्याही तिघांचे फेर एका जागी मिळत असतील, तर सगळ्यांचे मिळतात. नऊ असोत की नव्वद. ऑस्ट्रियातल्या हेली नावाच्या माणसाला हे १९१३ साली सुचलं, मग महायुद्ध लागलं, तो रशियात कैदी झाला, आणि दहा वर्षांनी कुठं ते छापून आलं. मी विचारलं, एवढं सोपं? ती म्हणाली, एक अट आहे. फेराला कुठं खाच नको. फेरातल्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरळ रेघ ओढली, तर ती रेघ पूर्ण फेरातच राहिली पाहिजे. मधे ओढाबिढा आहे का? मी म्हणालो, आमच्या माळावर ओढा असता तर आम्ही इतके कोरडे राहिलो असतो का?

साखराबाईला सांगितलं. तिनं दोन वेळा विचारून घेतलं. "तिघा-तिघांचं जमलं तर समद्यांचं जमतंयच? कागदावर न्हाई, रानावर?" मी म्हणालो, रानावर. ती म्हणाली, मग आपण तिघा-तिघांना बसवूनच बघू.

मी तिला समजावलं की बसवायची गरज नाही, दगड आहेत, मी नकाशा काढतो. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, समद्यांना एका जागंला आणता येत न्हाई हाच तर घोर हाय. तिघांना आणता येतंय. माणसं बसलेली मी डोळ्यानं बघणार. नऊ जणांतून तिघा-तिघांचे किती गट होतात ते मी हिशोब करून सांगितलं, चौऱ्याऐंशी. मला वाटलं आकडा ऐकून थांबेल. ती म्हणाली, चार इसा आन् चार, लई न्हाईत.

पहिल्यानं रामकिसन, सोमेश्वर आणि सावित्रीबाई. हे तिघं तर जुळत नव्हते ना? साखराबाईनं तिघांना पुन्हा चालायला लावलं. तेव्हा कळलं की सोमेश्वर पहिल्यांदा चोरी करून चालला होता. त्याचा आणि रामकिसनचा बांधाच्या दगडावरून बावीस वर्षांचा कज्जा होता. दगड कुणी सरकवला यावरून दोघं तहसिलीपर्यंत जाऊन आले होते. रामकिसनच्या तोंडाला तोंड नको म्हणून सोमेश्वरनं फेर मुद्दाम आखूड दाखवला होता. साखराबाईनं त्याला असं काही सुनावलं की तो मुकाट्यानं चार इसा जास्त चालला. त्या दुपारी ते तिघं एका बोरीखाली बसले. पहिली अर्धी घटका दोघं गडी दोन दिशांना तोंड करून होते. मग सावित्रीबाईनं पान लावलं आणि दोघांना दिलं.

दिवसाला चार बैठका. आज हे तिघं इथं, उद्या ते तिघं तिथं. साखराबाईनं ओट्यावर चौऱ्याऐंशी खड्यांचा ढीग केला होता, प्रत्येक बैठकीला त्यातला एक कमी करायची. मी बैठकांना नाक मुरडत जायचो आणि परतताना उशीर व्हायचा. एक दिवस माझ्या लक्षात आलं की गेल्या दोन आठवड्यांत वस्तीवरचा एकही माणूस असा नव्हता ज्याला त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही. जागा अजून सापडली नव्हती, आणि जे हवं होतं ते अर्धं झालेलंच होतं. मी ते साखराबाईला म्हणालो. ती म्हणाली, हे किती दिस टिकंल? खडे संपले की आपण पुन्हा आपापल्या दारात.

एकवीस दिवस लागले. चौऱ्याऐंशींपैकी एक्क्याऐंशी जुळल्या. तीन काही केल्या जुळेनात, आणि तिन्हींत भिवराबाई. चाळीस पावलांत ती येणार तरी किती! ती स्वतःच म्हणाली, मला सोडा गं, तुमी आठ जण बसा. माझं काय आता, पिकलं पान.

साखराबाई तिच्या पायाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "गीतालाबी आपण असंच सोडलं हुतं, आत्याबाई."

उपाय निघाला तो साखराबाईच्याच डोक्यातून. फळीवरून मोळी नेताना मधे टेकायला मिळालं तर पुढं जाता येतं, हे तिला पाठीनं माहीत होतं. भिवराबाईच्या चाळिसाव्या पावलावर बसायला दगड ठेवायचा. तिथं दम घ्यायचा, आणि मग पुढं आणखी चाळीस. दगड कुठून आणायचा? रामकिसन आणि सोमेश्वर एकमेकांकडं बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोघं पहारी घेऊन बांधावर. तोच तो कज्ज्याचा दगड त्यांनी उपटला आणि भिवराबाईच्या घरापुढं चाळीस पावलांवर लोटत आणला. दोघांची मिळून वयं दीडशेच्या वर, ऐन थंडीत घामानं ओले. मी म्हणालो, आता बांध कुठं ते कसं कळणार? सोमेश्वर म्हणाला, "जाऊ द्या बे... जाऊ द्या गुर्जी." मला बे म्हणाला, आणि मी पहिल्यांदाच कुणाला त्यावरून झापलं नाही.

आता माझी मास्तरकी बघा. मी म्हणालो, थांबा, भिवराबाईचा फेर आता घराभोवती एक आणि दगडाभोवती एक, असे दोन गोल चिकटलेले झाले. मधे खाच पडली. नियम लागणार नाही. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मलाच वाटलं कुठून बोललो. दीपमालाला विचारलं. ती म्हणाली, घराचा गोल सोडून द्या अण्णा, नुसता दगडाभोवतीचा धरा, त्याला खाच नाही. पण मग काकूंना भिवराआजीच्या सगळ्या बैठका नव्यानं घ्याव्या लागतील. भिवराबाईच्या वाट्याच्या बैठका अठ्ठावीस. साखराबाईनं अठ्ठावीस खडे बाजूला काढले आणि पुन्हा सुरुवात केली. सात दिवस, रोज चार वेळा, दोन-दोन माणसं भिवराबाईला न्यायला आणि आणायला. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, दहा वर्षांत माझ्याशी एवढं कुणी बोललं न्हाई, आजून एखांदा खडा शिल्लक हाय का बघ.

अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जुळल्या. म्हणजे जागा होती. कुठं होती ते नियम सांगत नाही, फक्त आहे एवढंच सांगतो. मी साखराबाईला बजावलं, शोधायला वेळ लागेल. ती म्हणाली, हाय म्हणल्यावर सापडंल की. न्हाई म्हणल्यावर शोधायचं अवघड.

मार्गशीर्ष संपत आला होता. गीताबाईला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. आम्ही दोघं सकाळी निघालो, ती पुढं, मी मागं. भिवराबाईचा फेर सगळ्यात लहान, म्हणून त्या कज्ज्याच्या दगडापासून सुरुवात. त्याच्याभोवतीच्या चाळीस पावलांतच कुठंतरी जागा. मग एकेकाचे चुन्याचे दगड बघत चाललो. इकडून रामकिसनच्या फेराबाहेर जातं, तिकडून सावित्रीचं सुटतं, इथं माझं सुटतं. साखराबाई काठीनं रेघ मारायची आणि एकेक बाजू सोडून द्यायची. राहता राहता एखाद्या खळ्याएवढी जागा राहिली. त्या जागेत एक अंगण होतं, अंगणात वाळलेली तुळस होती, आणि मागं कुलूप लावलेलं घर.

मला ते तिच्या आधी दिसलं होतं. पण मी तिच्या मागंच राहिलो. महिनाभर आम्ही सगळा माळ तुडवला, चौऱ्याऐंशी आणि वर अठ्ठावीस बैठका केल्या, बोरीखाली, बाभळीखाली, उघड्यावर, आणि त्या घराच्या दारात एकदाही कुणी बसलं नव्हतं. कुणी ते नावसुद्धा काढलं नव्हतं.

साखराबाई अंगणाच्या कडेला थांबली. मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. ती वळली आणि सरळ आपल्या घराकडं चालायला लागली, ओठ हलवत. मी मागून हाका मारल्या. ती दारापर्यंत गेली, उंबऱ्याला काठी लावली, वळली, आणि पुन्हा चालत आली. न थांबता आली. मीही चालताना मोजत होतो, सवयच ती. तिला धाप लागली होती.

"किती भरलं, गुर्जी?"

जन्मात पहिल्यांदा मला आकडा खोटा सांगावासा वाटला. मी म्हणालो, मी काही मोजलं नाही वैनी.

"मी मोजलं. बारा इसा." ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली. "माझा फेर चौदा इशांचा हाय. गुडघं न्हाई आडवं आलं, गुर्जी. मला येता येत हुतं."

मी तिच्या शेजारी बसलो. काय सांगणार? गुडघे चांगले असलेला मी, शेळी बघून पलीकडच्या वाटेनं गेलो होतो. ते मी तिला तिथं बसून सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. मला वाटलं आता ती चार शब्द सुनावेल, आणि तिनं सुनवायलाच हवं होतं. पण ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, समद्यांनाच येता येत हुतं म्हणा की. नियमानं दुसरं काय सांगितलं?

किल्ली तिच्या कमरेलाच होती. वर्षभर ती किल्ली कमरेला लावून हिंडत होती, हे मला त्या दिवशी कळलं. कुलूप गंजलेलं, मी दगडानं दोन ठोके घातले तेव्हा उघडलं. तिनं आधी अंगण झाडलं, सडा टाकला, मग आतली चूल बाहेर आणून मांडली. मी घरोघर जाऊन सांगितलं की जागा सापडली. कुठं, ते सांगितल्यावर प्रत्येक जण खाली बघून चपला शोधायला लागायचा. नाही म्हणणारा एकही निघाला नाही.

चार वाजायच्या सुमाराला माळावरून माणसं यायला लागली. रामकिसन आणि सोमेश्वर बरोबरच आले. सावित्रीबाई आली, बाकीचे आले. सगळ्यात शेवटी भिवराबाई घरातून निघाली. तिनं कुणाला हात धरू दिला नाही. चाळीस पावलं चालली, दगडावर बसली, दम घेतला, उठली, आणि पुढची चौतीस पावलं चालून अंगणात आली.

साखराबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं आमच्याकडं बघून बोटांवर माणसं मोजली. एकदा नव्हे, दोनदा. नऊ भरले. मग ती दाराकडं तोंड करून, आत कुणी असल्यासारखी, म्हणाली, "गीता, आलो गं समदे."

आणि तशीच दाराला धरून उभी राहिली. भिवराबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "उशीर केलास. पर आलीस. बस आता, आन् बोल काहीतरी. तिच्या दारात गप बसायचं न्हाई." त्यावर सावित्रीबाईला गीताबाईची एक लांबलचक गोष्ट आठवली, ती आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मी एकदाही उठलो नाही. साखराबाईनं डोळे पुसले, चूल पेटवली आणि नऊ कप चहाचं पाणी ठेवलं.